निवतीचा समुद्र आणि गुलदार: बुडवलेल्या जहाजाचा जमाखर्च

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या आमच्या नद्या. सिद्धेश्वर, येलदरी आणि इसापूर ही आमच्या ओळखीची मोठी पाणी. तरी सुट्या लागल्या की वसमत, कळमनुरी, सेनगावकडच्या गाड्या तारकर्ली-मालवणच्या वाटेला लागतात. परतलेल्या माणसाच्या फोनमध्ये पाण्याखालचा एक व्हिडिओ हमखास असतो: तोंडात रेग्युलेटर, पाठीशी सिलिंडर, भोवती पट्टेरी मासे. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणारा माणूस त्याच दिवशी समुद्राच्या आतही जाऊन येतो, ही गेल्या पंधरा-वीस वर्षांत मालवणने घडवलेली गोष्ट आहे.

आता त्याच किनाऱ्यावर पुढचे पाऊल ठरले आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या निवती रॉकजवळ नौदलाचे निवृत्त जहाज समुद्रतळाशी उतरवायचे, त्याचे पाण्याखालचे संग्रहालय करायचे, त्यावर प्रवाळ वाढू द्यायचे आणि पर्यटकांना स्कुबा करून किंवा पाणबुडीत बसून ते दाखवायचे, असा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा प्रकल्प आहे. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये त्यासाठी 46.91 कोटी रुपये मंजूर केले. ज्या योजनेतून हे पैसे आले, ती राज्यांना 50 वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देते. फेड राज्याच्या तिजोरीतून व्हायची आहे, आणि त्या तिजोरीत हळद, सोयाबीन विकणाऱ्या आमच्या भागाचाही वाटा आहे. म्हणून या प्रश्नाकडे कोकणाचा म्हणून लांबून पाहणे बरोबर नाही. जहाज मुद्दाम बुडवण्याचा हा उद्योग जगात कुठे जमला, कुठे फसला आणि आपल्या समुद्रात तो कितपत बसतो, हे पाहायला हवे.

आधी जहाज. आयएनएस गुलदार हे सैनिक, रणगाडे आणि वाहने घेऊन थेट वाळूला टेकणारे जहाज. पोलंडमधल्या ग्दिनिया इथे ते बांधले गेले आणि 30 डिसेंबर 1985 रोजी नौदलात आले. लांबी 83.9 मीटर, रुंदी 9.7 मीटर, वजन सुमारे 1,120 टन. आयएनएस चीता आणि आयएनएस कुंभीर या भावंडांबरोबर 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअरला सूर्यास्ताच्या वेळी ते निवृत्त झाले. या तिघांनी मिळून 12,300 दिवस समुद्रात काढले, सुमारे 17 लाख सागरी मैल कापले आणि 1,300 हून अधिक वेळा किनाऱ्याला नाक टेकवून सैन्य उतरवले. श्रीलंकेतल्या मोहिमांत ती होती, 2004 च्या त्सुनामीनंतर मदत घेऊन जाणाऱ्यांतही होती. फेब्रुवारी 2025 मध्ये कारवारला नौदलाने गुलदार महामंडळाच्या हवाली केली आणि मार्चमध्ये ती ओढून विजयदुर्ग बंदरात आणली गेली.

या कामासाठी असे जहाज मिळणे हे आपले भाग्य म्हणायला हवे. किनाऱ्याला टेकायचे असल्यामुळे त्याचा तळ सपाट असतो, त्यामुळे तळाशी ते सरळ बसण्याची शक्यता वाढते. पुढे उघडणारे दरवाजे आणि आत रणगाड्यांसाठी लांबच लांब मोकळा मजला. अरुंद बोळकांडी आणि शेकडो खोल्या असलेल्या विनाशिकेपेक्षा पाणबुड्यांना हे जहाज कितीतरी सोपे आणि सुरक्षित ठरू शकते.

निवतीने याआधीही एका मोठ्या जहाजाची वाट पाहिली आहे. विमानवाहू आयएनएस विराट 6 मार्च 2017 रोजी निवृत्त झाली. 1 नोव्हेंबर 2018 रोजी राज्य मंत्रिमंडळाने 852 कोटींच्या आराखड्याला मंजुरी दिली: निवती रॉकजवळ काँक्रीटच्या पायावर विराट उभी करायची, त्यावर संग्रहालय, शिवाय स्कुबा आणि शिडाच्या होड्या. पुढे काहीच झाले नाही. विराट 38.54 कोटींना भंगारात गेली आणि सप्टेंबर 2020 मध्ये अलंगच्या किनाऱ्याला लागली. तिच्याआधी जुनी विक्रांत मुंबईत वर्षानुवर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. तीही 2014 मध्ये सुमारे 60 कोटींना विकली गेली आणि दारूखान्यात तोडली गेली. दोन्ही वेळा मराठी माणसाला हळहळ वाटली. दोन्ही वेळा अडले ते पुढच्या देखभालीच्या खर्चावर. गुलदारच्या बाबतीत हाच मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. पाण्यावरच्या जहाजाचा गंज डोळ्यांना दिसतो आणि त्याची बातमी होते. पाण्याखालचे जहाज दुर्लक्षित राहिले, तर ते कुणाच्या नजरेलाही पडणार नाही.

बुडालेली बोट म्हटले की आपल्याकडे 17 जुलै 1947 ची रामदास आठवते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या त्या बोटीबरोबर सहाशेहून अधिक माणसे गेली. अशी जागा ही समाधी असते, तिथे सहल नसते. मुद्दाम बुडवलेली जहाजेही आपल्या किनाऱ्याला नवीन नाहीत. 9 मार्च 1943 च्या रात्री मुरगाव बंदरात एहरेनफेल्स आणि तिच्या सोबतची ॲक्सिस राष्ट्रांची जहाजे ब्रिटिशांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांच्याच खलाशांनी बुडवली होती. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ सूझीज रेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या जहाजाच्या अवशेषांवर आज पर्यटक डाईव्ह करतात. पाणबुड्यांसाठी, आखणी करून, सरकारी पैशातून जहाज उतरवणे हा प्रकार मात्र वेगळा आहे.

त्याचे शास्त्र गेल्या तीस वर्षांत तयार झाले. पश्चिम ऑस्ट्रेलियात डन्सबरोजवळ 14 डिसेंबर 1997 रोजी एचएमएएस स्वान उतरवली गेली. ब्रिटनमध्ये 27 मार्च 2004 ला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एचएमएस सिला. अमेरिकेत 17 मे 2006 रोजी पेन्साकोलाजवळ ओरिस्कनी ही सुमारे पावणेतीनशे मीटर लांबीची विमानवाहू नौका. 27 मे 2009 ला की वेस्टजवळ व्हॅन्डनबर्ग दोन मिनिटांच्या आत पाण्याखाली गेली. माल्टासारख्या छोट्या देशाने तर अशी जहाजे एकामागून एक उतरवून पाणबुड्यांना बोलावले. या गावांना ठरावीक वर्गाचे पर्यटक मिळाले. बोटवाले, सिलिंडर भरणारे, राहण्या-जेवण्याची सोय करणारे अशा सगळ्यांना काम मिळाले. हे खरे आहे आणि ते कमी लेखण्यासारखे नाही.

पण जी उदाहरणे आपल्याला उपयोगी आहेत, ती फसलेली. फ्लोरिडातच की लार्गोजवळ स्पीगल ग्रोव्ह हे नौदलाचे जहाज मे 2002 मध्ये बुडवण्याची तयारी चालू होती. ते वेळेआधीच कलले, उलटे झाले आणि नाक पाण्याबाहेर ठेवून अडकून बसले. पुढे त्याला निदान कुशीवर आणण्यासाठी वेगळा खर्च करावा लागला, आणि शेवटी 2005 च्या डेनिस वादळाने ते सरळ उभे केले. माल्टाचे उम एल फरूद 1998 मध्ये उतरवले गेले आणि पुढे हिवाळी वादळात त्याचे दोन तुकडे झाले. न्यूझीलंडची एचएमएनझेडएस वेलिंग्टन 13 नोव्हेंबर 2005 ला बुडवली, तेव्हा पाणी वीस-बावीस मीटर खोल होते. काही महिन्यांतच वादळाने तिचे तुकडे केले.

ही वेलिंग्टनची गोष्ट निवतीसाठी सर्वांत जवळची आहे. निवतीच्या भागातही पाणी साधारण तेवढेच, आणि आपल्याकडे वादळ कधीतरी येत नाही. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्र घुसळतात, दर वर्षी, न चुकता. मोठ्या लाटेचा हेलकावा वीस मीटरवरही तळाच्या वाळूला हलवतो. जहाजाच्या एका बाजूची वाळू निघून जाते, दुसऱ्या बाजूला साचते आणि सांगाडा कलतो. शिवाय कर्ली आणि तेरेखोलसारख्या नद्या पावसाळ्यात गाळ आणतात. त्यामुळे फ्लोरिडाची चित्रफीत दाखवून कोकणाचा अंदाज बांधता येणार नाही. पहिल्या तीन-चार पावसाळ्यांनंतर दर वेळी जहाजाची मोजणी हवी: किती रुतले, किती कलले, कुठला पत्रा सुटला. ती मोजणी लोकांसमोर ठेवली जायला हवी.

जहाज बुडवण्याचे काम दिसते सोपे: झडपा उघडल्या किंवा ठरलेल्या जागी छोटे स्फोट केले की पाणी आत शिरते. खरे काम त्याच्या आधीचे असते आणि ते महिनोन् महिने चालते. टाक्यांतले तेल आणि वंगण काढायचे, नळ्या धुवायच्या, ॲस्बेस्टॉस काढायचे, तळाचे विषारी रंग खरवडायचे, लटकणाऱ्या वायरी आणि दारे उतरवायची. मग दोन्ही अंगांना मोठी भोके पाडायची, म्हणजे आत प्रकाश येतो आणि पाणबुड्याला कुठल्याही खोलीतून बाहेर पडायला किमान दोन वाटा राहतात. यात कसूर झाली की काय होते, याची नोंद आहे. ओरिस्कनीच्या केबलींच्या आवरणात सुमारे 700 पौंड पीसीबी ही घातक रसायने राहू दिली गेली, कारण ती काढणे फार महाग होते; नंतरच्या तपासण्यांत तिथल्या माशांत पीसीबी सापडली. ऑस्ट्रेलियात ॲव्होका किनाऱ्यावर एचएमएएस ॲडलेड 2010 मध्ये उतरवायची ठरली होती. स्थानिक रहिवासी लवादापुढे गेले. उरलेली वायरिंग आणि शिशाचा रंग काढायचा आदेश निघाला आणि जहाज 13 एप्रिल 2011 ला, म्हणजे वर्षभराने उतरले. उशीर झाला, पण समुद्र वाचला. तिथल्या रहिवाशांनी जे केले त्याला मी अडथळा म्हणणार नाही. जागरूक गाव असेच असते.

कृत्रिम भित्तिकेच्या नावाखाली समुद्रात काहीही टाकले तर काय होते, याचा धडा फ्लोरिडाच्याच ऑस्बोर्न रीफने दिला. तिथे 1970 च्या दशकात सुमारे 20 लाख जुने टायर मासे येतील म्हणून टाकले. बांधणी तुटली, टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळावर आपटू लागले. ते उचलण्याचे काम कित्येक वर्षे चालले.

आता जीवसृष्टीचा प्रश्न, आणि इथे उत्साही मंडळींशी माझा थोडा मतभेद आहे. बुडवलेल्या जहाजावर जीव वसतात यात शंका नाही. वाळूच्या तळावर टणक पृष्ठभाग दुर्मीळ असतो. तो मिळाला की आधी शेवाळ, मग बार्नेकल आणि कालवे, मग मऊ प्रवाळ, स्पंज आणि त्यांच्या आधाराने गोबरे, तांबोशी, शेवंड. छायाचित्रात हे मोहक दिसते. पण शास्त्रज्ञांचा जुना वाद असा, की मासे तिथे नव्याने वाढतात की आजूबाजूचे फक्त गोळा होतात? गोळाच होत असतील आणि तिथे जाळी पडत असतील, तर एकूण मासळी वाढण्याऐवजी ती पकडणे तेवढे सोपे होते. त्यामुळे भित्तिकेचा फायदा तिच्याभोवती मासेमारीला मर्यादा आहे की नाही यावर ठरतो. दुसरी गोष्ट लोखंडाची. प्रशांत महासागरातल्या पालमायरा बेटाजवळ 1991 मध्ये एक जहाज अडकले आणि त्याच्या भोवती प्रवाळासारखाच पण आक्रमक जीव इतका पसरला की त्याने खऱ्या प्रवाळाला झाकून टाकले. शेवटी ते जहाज हटवावे लागले. म्हणून जहाज आणि नैसर्गिक प्रवाळ यांच्यात पुरेसे अंतर असायलाच हवे.

निवती आणि वेंगुर्ला रॉक्स ही रिकामी जागा नाही, हेही सांगितले पाहिजे. इथल्या गुहांत भारतीय पाकोळ्यांची देशातली सर्वांत मोठी वसाहत आहे. लाळेपासून बनलेल्या त्यांच्या घरट्यांची चोरी होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती रोखण्यासाठी कष्ट घेतले. या पाण्यात डॉल्फिन फिरतात. दिवसभर बोटींची इंजिने, लाउडस्पीकर आणि सांडलेले डिझेल यांचा परिणाम त्यांच्यावर होईल. जहाज एकदाच उतरते, बोटी मात्र रोज येणार आहेत.

आणि इथे मच्छीमार आहे. सिंधुदुर्गातला पारंपरिक रापणकर आणि गिलनेटवाला आधीच पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीशी झगडतो आहे. 13 एप्रिल 1987 रोजी 29 चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, पण मच्छीमारांना विश्वासात न घेता रेषा आखल्यामुळे त्याला वर्षानुवर्षे विरोध झाला. ती चूक पुन्हा नको. बुडालेल्या जहाजात अडकले तर मच्छीमाराचे जाळे जाते, आणि अडकलेले जाळे पाणबुड्याला जिवावर बेतू शकते. जहाजाची जागा बोयांनी दाखवणे, आजूबाजूचे क्षेत्र गावांशी बोलून ठरवणे आणि पर्यटकांना नेणाऱ्या बोटींचे परवाने आधी निवती, भोगवे, वेंगुर्ल्याच्या तांडेलांना देणे, एवढे केले तर हा प्रकल्प त्यांचा होईल. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत कांदळवनाची सफर घडवणाऱ्या स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी गावचा पर्यटन व्यवसाय गावाच्या हातात कसा राहतो हे दाखवून दिले आहे.

या सगळ्यात गुलदारच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा मला मालवणच्या प्रवाळातच दिसतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळावर पर्यटकांचा भार किती पडला, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडले आहे. मनोरंजनासाठीच्या डाईव्हिंगमुळे तिथले प्रवाळ तुटते आहे आणि त्याला कुणी जबाबदार धरले जात नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तापणाऱ्या पाण्याने प्रवाळ पांढरे पडते आहे ते वेगळेच. खडकावर उभे राहून फोटो काढणारा नवखा पर्यटक जर लोखंडी जहाजाकडे वळला, तर शतकानुशतके वाढलेल्या जिवांना श्वास मिळेल.

अडचण अशी की हा नवखा पर्यटक गुलदारवर जाऊच शकत नाही, निदान सगळ्या गुलदारवर नाही. प्रशिक्षणाशिवाय केल्या जाणाऱ्या पहिल्या डाईव्हची मर्यादा 12 मीटर. ओपन वॉटरचा परवाना असेल तर 18 मीटर, त्यापुढचा ॲडव्हान्स्ड परवाना असेल तर 30. विहिरीत तळाचा खडा काढून आणणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना कानावरचा दाब ठाऊक असतो. तो दर 10 मीटरला एका वातावरणाने वाढतो. 20 मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे सिलिंडरमधली हवाही पृष्ठभागाच्या तिप्पट वेगाने संपते. घाबरून श्वास रोखून वर धावले तर फुप्फुस फाटू शकते. बंद जागेत तर धोका आणखी वेगळा: आतला गाळ उडाला की बाहेरची वाट दिसत नाही. मार्च 2007 मध्ये स्पीगल ग्रोव्हच्या आत गेलेले तीन पाणबुडे परतले नाहीत. त्याच वर्षी सिलातही दोघांचा जीव गेला. त्यामुळे बहुसंख्य पर्यटकांसाठी जहाजाचा वरचा भाग किंवा पाणबुडीची काच हीच मर्यादा राहील. आतला मजला फक्त परवानाधारकांना, प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबरच, हा नियम दारात लिहिलेला हवा आणि पाळला जायला हवा. दाब-उपचाराची सोय मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. ती किनाऱ्याच्या जवळ उपलब्ध असल्याशिवाय खोल डाईव्हची जाहिरात करू नये.

खरे तर धोका बहुतेकदा पाण्याखाली नसून पाण्यावर असतो. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. निवती रॉक किनाऱ्यापासून दूर आहे. तिथपर्यंतचा प्रवास लांबचा आणि उघड्या समुद्रातला. लाइफ जॅकेट, प्रवाशांची मर्यादा आणि हवामान पाहून फेरी रद्द करण्याचा अधिकार या साध्या गोष्टींवर सगळी भिस्त राहील.

तारकर्लीला महामंडळाचीच स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे शिकायला समुद्रकाठी जन्मावे लागत नाही. इसापूर किंवा सिद्धेश्वरच्या पाण्यात पोहायला शिकलेली मुले तिथे गेली, तर त्यांच्या हाताला काम मिळेल, आणि आमच्याकडे धरणात कुणी बुडाले की शोधायला नीट शिकलेली माणसेही मिळतील. निदान मराठवाड्यातल्या मुलांसाठी काही जागा आणि शुल्कात सवलत, एवढी मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी जरूर करावी.

माझे मत स्पष्ट आहे: विराट आणि विक्रांतसारखे भंगारात जाण्यापेक्षा गुलदारचे समुद्रात राहणे चांगले, पण अटींवर. सफाईचा प्रयोगशाळेतला अहवाल जाहीर झाला पाहिजे. दर पावसाळ्यानंतरची पाहणी आणि तिथल्या माशांच्या तपासण्या किमान दहा वर्षे व्हायला हव्यात. आणि 46.91 कोटींच्या पलीकडे, देखभालीसाठी दर वर्षी वेगळी तरतूद हवी. तिकिटातला ठरावीक भाग त्यासाठी बाजूला काढता येईल. हे लेखी नसेल तर पुढच्या पिढीला आपण समुद्रतळाशी पडलेला गंजका पत्रा देऊ.

आणि तुम्ही पुढच्या सुटीत हिंगोलीहून, नांदेडहून किंवा परभणीहून मालवणला जाणार असाल तर तुमच्याही हातात बरेच आहे. बोटीत चढण्याआधी मार्गदर्शकाचा परवाना पाहायला मागा. सर्दी, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर लपवू नका. जास्त पैसे देतो, अजून खाली न्या, असे कधीही म्हणू नका. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळाला वाघाइतकेच संरक्षण आहे.